जीप जुनी, इंजिन कोणते?

गोंदिया जिल्ह्यात एखाद्या राइस मिलच्या आवारात, जुन्या मालगुजाराच्या वाड्यामागे किंवा गॅरेजच्या कुंपणाला टेकून उभी असलेली एखादी म्हातारी जीप अजूनही दिसते. टपाचे कापड फाटलेले, काच पुढे आडवी केलेली, टायर बसलेले. पत्रा मात्र शाबूत. मालकाला ती मोडीत घालवत नाही आणि चालवताही येत नाही, कारण इंजिन संपलेले असते. मग गावातले सगळे शहाणे सल्ला देऊ लागतात. एक म्हणतो डिझेल बसव, ओढ चांगली मिळेल. दुसरा म्हणतो मोठ्या गाडीचे इंजिन टाक, ताकद वाढेल. तिसरा ट्रॅक्टरचे इंजिन सुचवतो. हे सल्ले तपासायला जे विज्ञान लागते ते सगळे नववी ते बारावीच्या पुस्तकांत आहे: आघूर्ण, शक्ती, घर्षण, गतिज ऊर्जा, उष्णतेचे वहन आणि कंप्रता. म्हणूनच हा विषय वर्गात न्यावा असे आम्हाला वाटते. शिवाय यात मालकाचे पैसे असतात आणि गाडीत बसणाऱ्यांचे जीवही असतात.

आधी या जीपची कुळकथा थोडक्यात पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी लाखो जीपगाड्या बनवल्या. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपच्या जुळणीला सुरुवात केली आणि पुढे त्या येथेच तयार होऊ लागल्या. वनखाते, पाटबंधारे खाते, पोलीस, तहसीलदार, निवडणुकीचे उमेदवार, सगळ्यांची मदार कित्येक दशके या एकाच वाहनावर होती. धानाच्या बांध्यांतून आणि नागझिरा-नवेगावच्या जंगलवाटांवरून जाऊ शकणारे दुसरे चारचाकी वाहन तेव्हा नव्हतेच म्हटले तरी चालेल.

मूळ युद्धकालीन जीपचे इंजिन चार सिलिंडरांचे, पेट्रोलवर चालणारे. सिलिंडरचा व्यास 79.4 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 111.1 मिलिमीटर. विद्यार्थ्यांना आकारमान काढायला सांगावे. उत्तर सुमारे 2,200 घनसेंटिमीटर येते. 4,000 फेऱ्यांना सुमारे 60 अश्वशक्ती. हे इंजिन विलीजच्या आधीच्या मोटारींत सुमारे 48 अश्वशक्तीचे होते. बार्नी रूस नावाच्या अभियंत्याने आकारमान न वाढवता त्यात सुधारणा करून ते 60 पर्यंत नेले.

पुढची गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. विलीजने त्याच खालच्या ठोकळ्यावर नवे डोके बसवले. आत येणाऱ्या मिश्रणाची झडप वर नेली, धूर बाहेर सोडणारी झडप खालीच ठेवली. श्वास मोकळा झाल्याने शक्ती 75 अश्वशक्तीच्या घरात गेली. पण झडप वर गेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना! तेव्हा 1953 मध्ये कंपनीने बॉनेटच उंच केले. सीजे-3बी नावाची ती उंच कपाळाची जीप. भारतात वर्षानुवर्षे बनली ती हीच, आणि आपल्या डोळ्यांसमोर ‘जीप’ म्हटल्यावर येते तीही हीच. कारखान्याला स्वतःच्या गाडीत स्वतःचेच इंजिन बदलताना इतके करावे लागले. गल्लीतल्या गॅरेजमध्ये परके इंजिन बसवताना काय काय हलवावे लागत असेल याची यावरून कल्पना यावी.

आता पहिला सल्ला, ‘ताकद वाढेल’. ताकद हा शब्द गॅरेजमध्ये दोन वेगळ्या राशींसाठी वापरला जातो आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. मेस्त्री ज्याला टॉर्क म्हणतात ते आपल्या पुस्तकातले आघूर्ण, म्हणजे दांड्याला दिलेला पीळ. पान्याने नट फिरवताना आपण जो देतो तोच. अश्वशक्ती म्हणजे तो पीळ किती वेगाने दिला जातो त्याचा हिशेब: पीळ गुणिले कोनीय वेग. सीजे-3बीच्या इंजिनाचा सर्वाधिक पीळ सुमारे 155 न्यूटन-मीटर, तो मिनिटाला 2,000 फेऱ्यांना मिळतो. त्या वेळची शक्ती काढून पहा. 2,000 फेऱ्या म्हणजे सेकंदाला 209 रेडियन, गुणाकार 32,000 वॅटच्या थोडा वर, म्हणजे जेमतेम 44 अश्वशक्ती. 4,000 फेऱ्यांना शक्ती जास्त मिळते, पण पीळ मात्र कमी झालेला असतो. एकाच इंजिनाची ‘ताकद’ कुठे मोजता यावर ती वाढली की घटली हे ठरते.

हा पीळ चाकापर्यंत जाताना दंतचक्रे त्याला वाढवत नेतात. या जीपच्या गीअर बॉक्समध्ये पहिल्या गीअरचे गुणोत्तर 2.8, चारही चाकांना जोर देणाऱ्या पेटीत ‘लो’ टाकल्यावर 2.46 आणि आसावरच्या क्राउन-पिनियनचे 5.38. तिन्हींचा गुणाकार 37. म्हणजे इंजिन 37 वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते आणि पीळ 37 पट होतो: 155 गुणिले 37, सुमारे 5,700 न्यूटन-मीटर. चाकाची त्रिज्या 0.35 मीटर धरली तर जमिनीपाशी ढकलणारे बल 16,000 न्यूटनांच्या वर येते. दंतचक्रांतले घर्षण म्हणून एक पंचमांश वजा केले तरी 13,000 उरतात.

हा आकडा गाडीच्या वजनाशी ताडून पहावा. दोन माणसांसह जीपचे वस्तुमान 1,250 किलो धरले तर वजन सुमारे 12,250 न्यूटन. म्हणजे हे इंजिन गाडीला तिच्या वजनाहून अधिक बलाने ढकलू पाहते! पण जमीन तेवढे घेईल का? कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षणगुणांक 0.8 धरा, तर चारही चाके मिळून 9,800 न्यूटनांपलीकडे जमीन काही देत नाही. पावसाळ्यात धानाच्या बांधीतल्या चिखलावर तो 0.3 धरला तर फक्त 3,700. बाकीचा जोर चाक जागच्या जागी फिरवण्यात आणि चिखल उडवण्यात जातो. तेव्हा ज्याची जीप बांधीत रुतते त्याला मोठ्या इंजिनाचा काडीचाही उपयोग नाही. त्याला हवेत चांगल्या नक्षीचे टायर. आम्ही हा हिशेब अनेकांना करून दाखवला आहे. गणित मान्य होते, पण मन मात्र मोठ्या इंजिनावरच राहते.

या मनाच्या ओढीवर अमेरिकेत एक मोठा उद्योग उभा राहिला. 1964 मध्ये जनरल मोटर्सच्या पॉन्टिअॅक विभागाने आपल्या मध्यम आकाराच्या मोटारीत थोरल्या मोटारीचे 389 घनइंची, म्हणजे सुमारे 6.4 लिटरचे, आठ सिलिंडरांचे इंजिन बसवले आणि तिला जीटीओ हे नाव दिले. 325 अश्वशक्ती. अशा गाड्यांना पुढे ‘मसल कार’ म्हणू लागले. दंड फुगवलेल्या मोटारी म्हणा ना! सिग्नल सुटल्यावर या गाड्या मागच्या चाकांतून धूर काढत, किंचाळत सुटतात. सिनेमात ते दृश्य ताकदीचे प्रतीक म्हणून दाखवतात. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने तो धूर म्हणजे जमिनीने नाकारलेले बल. आपल्या बांधीतल्या रुतलेल्या जीपचेच हे श्रीमंत भावंड.

अमेरिकेतल्या त्या अश्वशक्त्याही जपूनच वाचाव्या लागतात. त्या काळी तेथे इंजिन पंखा, धुराचा सायलेन्सर, हवेची गाळणी असे काहीही न जोडता बाकावर ठेवून मोजत. गाडीत बसल्यावर या सगळ्यांना खायला घालून जे उरते ते वेगळेच. 1971 मध्ये कंपन्या दोन्ही आकडे देऊ लागल्या तेव्हा लोकांचे डोळे उघडले. शेव्हरले कॉर्व्हेटचे एलटी-1 इंजिन जुन्या रीतीने 330 अश्वशक्तीचे होते, तेच नव्या रीतीने 275 भरले. इंजिनात काहीही बदललेले नव्हते. जुन्या जीपचे आकडे, म्हणजे आम्ही वर दिलेले 75 आणि 155 सुद्धा, त्याच जुन्या अमेरिकन रीतीचे आहेत. तेव्हा ते आजच्या एखाद्या इंजिनाच्या आकड्यांशी थेट ताडू नयेत.

आता ‘डिझेल बसव, ओढ मिळेल’ या सल्ल्याकडे वळू. भारतात जीपमध्ये सर्वाधिक बसलेले डिझेल इंजिन म्हणजे मूळ फ्रान्सच्या प्यूजो कंपनीचे, येथे महिंद्रने बनवलेले एक्सडीपी. व्यास 90, धाव 83 मिलिमीटर, आकारमान 2,112 घनसेंटिमीटर, शक्ती 62 अश्वशक्तीच्या आसपास. आणि पीळ? सुमारे 120 न्यूटन-मीटर! म्हणजे जुन्या पेट्रोल इंजिनाच्या कागदावरच्या आकड्याहून कमीच. मोजण्याच्या रीतीतला फरक जमेस धरला तरी डिझेल काही वरचढ ठरत नाही.

हे ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही, म्हणून कारण सांगायला हवे. पेट्रोल इंजिनात इंधन आणि हवा आधीच मिसळून येतात, त्यामुळे आत आलेली जवळजवळ सगळी हवा ज्वलनाच्या कामी लावता येते. डिझेल इंजिनात आधी नुसती हवा वीस-बावीस पट दाबून तापवतात आणि मग तीत डिझेलचा फवारा मारतात. फवाऱ्याच्या थेंबांना हवेत मिसळायला सेकंदाचा काही हजारांश भाग मिळतो. तेवढ्यात कोपऱ्यातली सगळी हवा गाठणे शक्य नसते. डिझेल वाढवत गेलो तर ते अर्धवट जळून काळा धूर येतो. म्हणून धूर येण्याआधीच इंधन थांबवावे लागते आणि बरीच हवा न वापरता बाहेर जाते. तेवढ्याच आकारमानात पीळ कमी. पुढे टर्बोचार्जर आले, ते हवा कोंबून भरू लागले, तेव्हा चित्र पालटले. पण जुन्या जीपमध्ये बसवायला मिळत ती डिझेल इंजिने बहुधा विनाटर्बोची.

मग डिझेलच्या ओढीची ख्याती आली कुठून? काही अंशी ट्रक आणि ट्रॅक्टर पाहून. तिथली इंजिने मुळात मोठी असतात आणि दंतचक्रेही त्या बेताची. काही अंशी मात्र अनुभव खरा आहे. डिझेल इंजिनाच्या पंपात गव्हर्नर असतो. भार वाढून फेऱ्या घसरू लागल्या की तो आपणहून इंधन वाढवतो, त्यामुळे अगदी सावकाश चालतानाही इंजिन चटकन बंद पडत नाही. चिखलात हळूहळू रांगणाऱ्या गाडीला हा गुण फार उपयोगी. चालकाला तो ‘ओढ’ म्हणून जाणवतो.

खरे सांगायचे तर जीपमालक डिझेलकडे वळले ते पैशासाठी. डिझेलचे संपीडन गुणोत्तर जास्त, म्हणून कार्यक्षमता जास्त. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक अष्टमांश अधिक ऊर्जा असते, कारण ते जड असते. (‘अॅव्हरेज’ लिटरवर मोजण्याच्या आपल्या पद्धतीचा डिझेलला हा फुकटचा फायदा!) आणि सगळ्यांत मोठी गोष्ट किमतीची. 1990 च्या दशकात काही काळ पेट्रोल डिझेलच्या दुपटीहून महाग होते. पेट्रोलवरचे किंमतनियंत्रण 2010 मध्ये आणि डिझेलवरचे 2014 मध्ये उठले, आणि ती दरी बरीच बुजली. वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या हौसेच्या जीपला आज डिझेल बसवण्याचा खर्च कधी भरून येईल, हा त्रैराशिकाचा एक उत्तम प्रश्न होईल. उत्तर बहुधा मालकाला आवडणार नाही.

तरीही समजा डिझेलच बसवायचे ठरले. मग पाहायचे काय? पहिली गोष्ट वजन. वीसपट दाब सहन करायचा तर ठोकळा, दट्टे, दांडे सगळेच जाड करावे लागतात. समजा नवे इंजिन जुन्यापेक्षा 60 किलोंनी जड आहे. जीपच्या पुढच्या आणि मागच्या आसांतले अंतर 80 इंच, सुमारे दोन मीटर, आणि इंजिन जवळजवळ पुढच्या आसावरच बसते. तेव्हा तरफेच्या नियमाने या 60 पैकी बहुतेक सगळा भार पुढच्या पाट्यांवर येतो. स्टीअरिंग जड होते, पाटे सरळ होतात, आणि खड्ड्यात गाडी आधी नाक घालते.

दुसरी गोष्ट कंपन. चार सिलिंडरांच्या, चार धावांच्या इंजिनात प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. सावकाश चालताना मिनिटाला 700 फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे 23 धक्के. इंजिन ज्या रबरी पायांवर ठेवले आहे त्यांच्यासह त्याची नैसर्गिक कंप्रता या 23 च्या जवळ असेल तर अनुनाद होऊन आरसा, बॉनेट, मडगार्ड सगळेच नाचू लागते. ती 23 भागिले दोनाचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे 16 च्या बरीच खाली असायला हवी, तरच रबर धक्के अडवते. पेट्रोल इंजिनाच्या जुन्याच पायांवर डिझेल ठेवणारे मेस्त्री ‘डिझेल आहे, हलणारच’ असे सांगतात. हलते ते रबर चुकल्यामुळे. काही महिन्यांत चेसिसला वेल्डिंगपाशी चीर जाते, तीही त्याचमुळे.

तिसरी गोष्ट उष्णता. पेट्रोल असो की डिझेल, इंधनातल्या ऊर्जेचा एक मोठा वाटा रेडिएटरमधून हवेत टाकावा लागतो. रेडिएटर किती उष्णता टाकेल हे पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी 90 अंशांवर धरा. 25 अंशांच्या हवेत फरक 65 चा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा फरक 45 चाच. म्हणजे तोच रेडिएटर जवळजवळ एक तृतीयांश कामातून गेला. डिसेंबरमध्ये बसवलेले इंजिन मे महिन्यात उकळते ते यामुळे. मे महिन्यातल्या दुपारी, दरेकसाच्या घाटासारख्या चढावर, गाडी भरून चालवून पाहिल्याशिवाय मेस्त्रीचे शेवटचे पैसे देऊ नयेत असे आमचे मत आहे.

काही गोष्टी भरभर सांगून पुढे जातो. जुन्या जीपची वीज 6 व्होल्टची असेल तर डिझेल सुरू करायला ती पुरत नाही, 12 व्होल्टची सगळी व्यवस्था लागते. इंजिन आणि गीअर बॉक्स यांच्यामध्ये जोडपट्टी घालावी लागते. दोघांचे दांडे एका रेषेत येण्यात मिलिमीटरचा काही शतांश भाग चुकला तरी बेअरिंग ओरडू लागते. इंजिनाच्या तेलाचे भांडे पुढच्या आसावरच्या गोळ्यावर आदळत तर नाही ना, तेही पाहावे. गाडी उभी असताना नव्हे, पाटे पूर्ण दबलेले असताना.

ट्रॅक्टरच्या इंजिनाची बाब मात्र सविस्तर पाहावी लागेल, कारण तो सल्ला दिसायला सर्वांत स्वस्त आणि पुढे सर्वांत महाग. चाकाचा परीघ सुमारे 2.2 मीटर. ताशी 60 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर, म्हणजे चाकाच्या सेकंदाला साडेसात फेऱ्या, मिनिटाला सुमारे 455. टॉप गीअरमध्ये याला 5.38 ने गुणले की इंजिनाच्या फेऱ्या 2,450 येतात. मूळ पेट्रोल इंजिन 4,000 पर्यंत आणि प्यूजोचे 4,500 पर्यंत फिरते, त्यांना हे सहज आहे. ट्रॅक्टरचे इंजिन मात्र साधारण 2,000 ते 2,500 फेऱ्यांसाठी घडवलेले असते. त्याला या दंतचक्रांशी जोडले तर कोहमाऱ्याच्या महामार्गावर गाडी ताशी 60 च्या पुढे जाणार नाही आणि तेवढ्यातच इंजिनाचा जीव जाईल. गव्हर्नरचा स्प्रिंग ओढून फेऱ्या वाढवणारे महाभाग आहेत. दट्ट्याला वर-खाली थांबवायला लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 2,500 चे 3,500 केले की ते जवळजवळ दुप्पट होते आणि एक दिवस कनेक्टिंग रॉड ठोकळा फोडून बाहेर येतो.

मग इंजिन निवडायचे तरी कशावरून? उलट दिशेने, रस्त्यापासून सुरुवात करून. भरलेली जीप 1,500 किलोंची धरा. दहात एक असा चढ ताशी 40 च्या वेगाने चढायचा आहे. उंची मिळवायला सुमारे 16 किलोवॅट, टायरांच्या घर्षणाला तीन-साडेतीन, सगळे मिळून वीसच्या आसपास. सपाट रस्त्यावर ताशी 80 ला हवेचा विरोध आणि टायर मिळून सोळा-सतरा किलोवॅट. 60 अश्वशक्ती म्हणजे 45 किलोवॅट. दंतचक्रांतली हानी, वय, उन्हाळा सगळे वजा जाता जुन्या इंजिनाची मूळ शक्ती या गाडीला पुरून उरते. बार्नी रूसने 1940 च्या सुमारास हिशेब बरोबरच केला होता.

याहून मोठे इंजिन बसवले तर गाडी वेगात जाईल हे खरे, आणि नेमका तोच धोका. ताशी 60 ऐवजी 90 ने धावणाऱ्या गाडीची गतिज ऊर्जा सव्वादोन पट असते. ती सगळी ब्रेकच्या चार लहान ड्रमांत उष्णता होऊन जिरायची असते. ते ड्रम 60 अश्वशक्तीच्या, उंच आणि आखूड गाडीसाठी आखलेले आहेत. इंजिन बदलणारा मालक ब्रेक बदलल्याचे आम्ही क्वचितच पाहिले आहे. अमेरिकेतल्या हौशी मंडळींत मोठे इंजिन बसवताना आधी ब्रेक, मग आस, मग गीअर बॉक्स आणि शेवटी इंजिन असा क्रम सांगणारे जाणते लोक आहेत. आपल्याकडे क्रम इंजिनापाशी सुरू होऊन तिथेच संपतो.

कायद्याची बाजूही शिक्षकांना ठाऊक असावी, कारण गावात सल्ला विचारायला लोक त्यांच्याकडेच येतात. आर.सी. बुकात इंजिनाचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार लिहिलेला असतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. दुसऱ्या इंधनावर किंवा विजेवर चालवण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवायला वेगळी तरतूद आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणेच वाचले. म्हणून इंजिन विकत घेण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात जाऊन लेखी विचारणा करावी. गॅरेजमालकाचे ‘होऊन जाईल’ विम्याच्या दाव्यात कामाला येत नाही.

2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी आणखी एक नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते आणि तिला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा क्रमांक मिळतो. अट अशी की चेसिस, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. वर वर्णन केलेल्या उंच कपाळाच्या जीपगाड्यांपैकी पुष्कळशा आता पन्नाशी ओलांडून गेल्या आहेत. ज्याने मूळचे पेट्रोल इंजिन मोडीत देऊन डिझेल बसवले त्याची जीप या दारातून आत जाऊ शकत नाही. ज्याने तेच इंजिन सिलिंडर घासून, मोठे दट्टे घालून पुन्हा उभे केले तो मूळ इंजिन राखून आहे. अमेरिकेतही मसल कारच्या बाजारात चेसिस आणि इंजिन यांचे क्रमांक मूळच्या जोडीचे असलेल्या गाडीला किंमत फार जास्त येते. तिकडे कित्येकांनी एकेकाळी काढून टाकलेली इंजिने आज शोधत फिरावे लागते.

म्हणून आमचा कौल मूळ इंजिनाच्या दुरुस्तीकडे झुकतो, आणि ठोकळाच फुटलेला असेल तर त्याच जातीच्या दुसऱ्या इंजिनाकडे. वजन, पाय, रेडिएटर, दंतचक्रे, ब्रेक सगळे त्याच्या मापाचे आधीच आहे. रोज माणसे आणि माल वाहणाऱ्या जीपची गोष्ट वेगळी. तिथे प्यूजोच्या घराण्यातले इंजिन समजण्यासारखे आहे, कारण कारखान्यानेच ते जीपमध्ये बसवून त्यासाठी लागणारे पाय आणि जोडण्या तयार केल्या होत्या.

विजेचे काय, असे विद्यार्थी हमखास विचारतील. विजेच्या मोटारीचा पीळ शून्य फेऱ्यांपासून मिळतो, जंगलात आवाज आणि धूर नाही, हे सारे मोहक आहे. अडचण साठ्याची. 40 लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 1,280 मेगाजूल ऊर्जा असते. जुने इंजिन त्यातली पाचवा हिस्सा, 256 मेगाजूल, चाकापर्यंत नेते असे धरू. म्हणजे 71 युनिट. मोटार आणि बॅटरीतील हानी धरून 84 युनिटची बॅटरी लागेल. दर किलोला 0.15 युनिट या हिशेबाने तिचे वजन 560 किलो, म्हणजे जवळजवळ अर्धी जीप! पण गावापासून शेतापर्यंत, दिवसाला 60 किलोमीटरच जायचे असेल तर किलोमीटरला 0.2 युनिट धरून 12 युनिट, आणि 80 किलोंची बॅटरी पुरते. तेवढे वजन तर काढून टाकलेल्या इंजिनाहूनही कमी. अर्थात संच मान्यताप्राप्त हवा, आणि ‘विंटेज’चा क्रमांक मग विसरायचा.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. जवळपास एखादी उभी जीप असेल तर मालकाच्या परवानगीने ती सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये ठेवावी. मागच्या टायरवर खडूने खूण करावी आणि मागे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टवर चुन्याचा पट्टा ओढावा. काही विद्यार्थ्यांनी गाडी सरळ रेषेत हातांनी ढकलावी, एकाने बाजूला उभे राहून टायरच्या फेऱ्या मोजाव्या, दुसऱ्याने जरा अंतरावर बसून पट्ट्याच्या. गाडीखाली कोणीही जाऊ नये आणि एकाचा हात हँडब्रेकवर असावा. एकाच फेरीवरून मोजले तर उत्तर पाच की साडेपाच हे ठरत नाही, म्हणून टायरच्या आठ फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्या. पट्टा 43 वेळा फिरला तर क्राउनला 43 आणि पिनियनला 8 दाते असलेली जोडी, 5.38 ची, सीजे-3बीची आहे असे समजावे. 39 वेळा फिरला तर 4.88 ची, युद्धकालीन जीपमध्ये असे तशी. मग ताशी 60 ला इंजिनाच्या फेऱ्या 2,450 ऐवजी 2,220 येतील. तिसराच आकडा आला तर कोणीतरी पूर्वी आस बदललेला आहे, आणि आता इंजिनाचा क्रमांक आर.सी. बुकाशी ताडून पाहायला हरकत नाही.